केंब्रिज-सॉमरव्हिलची दप्तरे

बालगुन्हेगारीच्या अभ्यासाचा इतिहास धुंडाळताना, बोस्टननजीकच्या केंब्रिज व सॉमरव्हिल या दाट वस्तीच्या शहरांत १९३९ साली डॉ. रिचर्ड कॅबट यांनी आरंभिलेल्या प्रयोगापाशी मी नेहमी थांबतो. रोग्याच्या दुखण्याबरोबर त्याच्या घरच्या परिस्थितीचीही विचारपूस व्हावी, यासाठी १९०५ मध्ये बोस्टनच्या रुग्णालयात समाजसेवेची व्यवस्था ज्यांनी लावली, त्या कॅबटांची अशी श्रद्धा होती की, बिघडू पाहणाऱ्या मुलास एखादा प्रेमळ वडीलधारा सोबती लाभला, तर तो सन्मार्गास लागेल. परंतु नुसत्या श्रद्धेवर विसंबणे त्यांच्यातील वैद्यास मान्य नव्हते. म्हणून परस्परांशी मिळत्याजुळत्या मुलांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील कोणास साहाय्य द्यावयाचे हे नाणे उडवून ठरविण्यात आले. त्याच वर्षी कॅबट निवर्तले, महायुद्धाने कार्यकर्ते ओढून नेले, तरी १९४५ अखेरपर्यंत समुपदेशक घरोघर जात राहिले. शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे यांची तजवीज होत राहिली. आणि भेटींचा तपशील दप्तरी दाखल होत गेला.

गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी प्रयोगातील ५०६ जणांचा शोध घेतला, तेव्हा साहाय्य लाभलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी त्या काळाची कृतज्ञतेने आठवण काढली. न्यायालये व इस्पितळे यांची दप्तरे मात्र निराळी साक्ष देत होती: पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्ती, गंभीर मनोविकार, हे सारे साहाय्य लाभलेल्यांतच अधिक आढळले. ज्यांना काहीच दिले नव्हते ते निम्मे नोंदीत नसते, तर ती कृतज्ञताच यशाचा दाखला ठरली असती. सद्हेतूस अशा कठोर चौकशीच्या स्वाधीन करण्याचे कॅबटांचे धैर्य मला असामान्य वाटते.

त्याच जीर्ण नोंदींवरून १९८३ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. बालपणी मारहाण वा उपेक्षा सोसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पुढे गुन्हेगार, मद्यासक्त वा मनोरुग्ण झाले, किंवा अकाली मरण पावले. जे तरले, त्यांच्या बाबतीत आईचा आत्मविश्वास व शिक्षण कामी आल्याचे दिसले.

साहाय्यातून अपाय झाला कोठे, याचा माग मॅकॉर्ड यांना शिबिरांत लागला, कारण तेथे एकाहून अधिक वेळा धाडलेल्या मुलांची गत विशेष वाईट झाली होती; त्यांच्या मते समवयस्कांच्या संगतीत बेबंद वर्तनाला शाबासकी मिळत गेली. या मताशी जुळणारी गोष्ट पुढे दिसली: २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रणांत, मित्र पाहत आहेत एवढ्या जाणिवेनेही किशोरांतील बक्षिसाच्या ओढीची केंद्रे अधिक चेतविली गेलेली आढळली. प्रौढांत तसे घडले नाही.