काँगरी राष्ट्रीय उद्यान
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक लहान, परंतु महाकाय वृक्षांसाठी विख्यात असलेले वनोद्यान. क्षेत्रफळ सु. १०७ चौ. किमी. ते साउथ कॅरोलायना राज्यात, कोलंबिया या राजधानीच्या आग्नेयीस सु. ३० किमी.वर काँगरी नदीकाठी वसले आहे. या प्रदेशास पूर्वी दलदल म्हणत. वस्तुतः हे नदीचे पूरमैदान असून वर्षातून सरासरी दहा वेळा त्याचा काही भाग पाण्याखाली जातो. पुराबरोबर येणाऱ्या गाळावरच येथील वृक्षांची असामान्य वाढ पोसली आहे. सायप्रेस व ट्यूपेलो हे वृक्ष सखल, पाणथळ जागी आढळतात. एरवी कोरड्या जमिनीवर वाढणारे लॉब्लॉली पाइन येथे रुंदपर्णी वृक्षांच्या दाटीत पन्नास मी.हून उंच गेलेले दिसतात.

नदीस व उद्यानास ज्यांच्यामुळे नाव मिळाले, ते काँगरी आदिवासी यूरोपीयांच्या आगमनानंतर देवीच्या साथीने जवळजवळ नामशेष झाले. पुढे वसाहतवाल्यांनी गुलामांकरवी बांध व गुरांसाठी मातीचे उंचवटे घालून घेतले; त्यांचे अवशेष अद्याप पाहावयास मिळतात. याच दुर्गम रानाने पळून आलेल्या गुलामांना आश्रय दिला.

आग्नेय संयुक्त संस्थानांतील अशी बहुतेक वने एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत तोडली गेली. काँगरीचे वन वाचले, ते प्रथमतः कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. फ्रान्सिस बाइडलर यांच्या लाकूड कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे सायप्रेसची तोड आरंभिली; परंतु चिखलात वाहतूक जमेना आणि ओले ओंडके पाण्यावर तरंगण्याऐवजी बुडत. थोड्याच वर्षांत काम थांबले. जमीन मात्र बाइडलर कुटुंबाकडेच राहिली. १९५० नंतर हॅरी हॅम्पटन या वृत्तपत्र-संपादकांनी संरक्षणाची मागणी लावून धरली, तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६९ मध्ये लाकडाचे भाव चढून तोड पुन्हा सुरू झाली, तेव्हा लोकमत जागे झाले. १८ ऑक्टोबर १९७६ रोजी सु. ६,००० हेक्टर क्षेत्र राष्ट्रीय स्मारक म्हणून राखण्यात आले. १९८३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय जीवावरणक्षेत्राचा दर्जा मिळाला व १० नोव्हेंबर २००३ रोजी ते राष्ट्रीय उद्यान झाले.

सप्टेंबर १९८९ मधील ह्यूगो चक्रीवादळात कित्येक विक्रमी वृक्ष उन्मळून पडले. ते तेथेच कुजू देण्यात आले. वनाच्छादनात पडलेल्या खिंडारांतून प्रकाश जमिनीवर येऊन नवी रोपे वाढली.

उद्यानास प्रवेशशुल्क नाही. अभ्यागत-केंद्रास हॅम्पटन यांचे नाव दिले असून तेथे डासांचा उपद्रव दर्शविणारा एक विनोदी तक्ता लावलेला आहे. तो प्रवाशाने गांभीर्याने घ्यावा हे बरे. तेथून सु. चार किमी. लांबीचा लाकडी फळ्यांचा उंच मार्ग वनात जातो. सायप्रेसच्या मुळांपासून वर आलेले गुडघ्यांसारखे उंचवटे त्यावरून जवळून दिसतात. सीडर क्रीक या ओढ्यातून होडीने हिंडता येते. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या काळात सु. दोन आठवडे येथील काजवे एकाच तालात लुकलुकतात. ते पाहण्यासाठी गर्दी इतकी वाढली, की प्रवेश सोडत काढून द्यावा लागला.