मुंडके, आवाज आणि मालाडचा महाल

जत्रेतले पाळणे, चक्री, शेवबत्ताशांची दुकाने ही सारी उजेडातली मौज. पण जत्रेच्या कडेला काळ्या कनातीची एखादी राहुटीही असते. फळीवर उभा राहून एक इसम ढोलके बडवीत ओरडत असतो, ‘धडावाचून बोलणारे मुंडके पाहा!’ आपण मुलाचा हात घट्ट धरतो, पैसे मोजतो आणि आत शिरतो. आत मिणमिणता दिवा. दोरीपलीकडे तीन पायांचे टेबल. टेबलावर परात आणि परातीत एका मुलीचे डोके. ते पापण्या मिटते, नाव सांगते, प्रश्नांना उत्तरे देते. टेबलाखाली मोकळी जागा आणि मागचा पडदा स्वच्छ दिसतो. मग धड गेले कोठे?

धड टेबलाखालीच असते. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरके बसविलेले असतात. त्यांत बाजूंचे पडदे दिसतात आणि आपण समजतो की मागचाच पडदा दिसला. मध्ये दोरी असते ती एवढ्यासाठीच. कोणी फार जवळ गेले तर आरशाचे बिंग फुटायचे! लंडनमध्ये कर्नल स्टोडेअर नावाच्या जादूगाराने 1865 च्या ऑक्टोबरात हा प्रयोग दाखविला आणि तेथून तो जगभरच्या जत्रांत पसरला. आरशांमागे अंग चोरून बसणाऱ्या जिवाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. मुंडके जे नाव सांगते तेही बहुधा राहुटीच्या मालकाने ठेवलेले.

पडद्यावरचे भूत जन्मले ते याच घराण्यात. पॅरिसचा जॉर्ज मेलिएस हा मूळचा जादूगार. त्याने 1896 साली सैतानाच्या वाड्याचा एक चित्रपट काढला. अवघ्या तीनेक मिनिटांचा. पण त्यात वटवाघळाचा सैतान होतो आणि सांगाडे प्रकटतात. पहिला भयपट म्हणून त्याचाच उल्लेख होतो. आपल्याकडेही तीच परंपरा. मुलुंडच्या पुढे आगगाडीने थोडे गेले की कल्याण लागते. तेथल्या महादेवराव पटवर्धनांनी 1892 पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरची रंगीत चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर नाचविली. आणि खुद्द दादासाहेब फाळके? तेही जादूगारच! एका जर्मन जादूगाराकडून ते ही विद्या शिकले आणि आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळ करू लागले. त्याआधी त्यांनी फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला, तेव्हा कॅमेरा माणसाचे आयुष्य शोषून घेतो या समजुतीने लोक समोर बसायला भीत, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. लोकांची भीती कशी असते हे पुरते ठाऊक असलेला माणूस आपल्या चित्रपटाचा जनक व्हावा, हे मला फार योग्य वाटते.

जत्रेच्या राहुटीतच घडणारा सर्वांत गाजलेला भयपट जर्मनीत निघाला, 1920 साली. ‘डॉक्टर कॅलिगरीची पेटी’. जत्रेत एक म्हातारा शवपेटीसारख्या पेटीत झोपलेला माणूस दाखवितो. तो माणूस भविष्य सांगतो. एक तरुण थट्टेने आपले आयुष्य विचारतो, उत्तर मिळते ‘पहाटेपर्यंत’, आणि पहाटेपूर्वी त्याचा खून होतो. नेपथ्यावर सावल्यासुद्धा रंगवून काढलेल्या. युरोप-अमेरिकेत 31 ऑक्टोबरला, हॅलोविनच्या रात्री, असले खेळ अजून चवीने पाहतात. हल्ली आपल्या उपनगरांतल्या मॉलांतही त्या दिवसांत भोपळ्याची तोंडे आणि आकाशकंदील शेजारी शेजारी दिसतात. असो.

त्याच जर्मनीतल्या म्युनिक शहरातून योझेफ विर्शिंग नावाचा तरुण छायालेखक हिमांशु राय यांच्या 1925 च्या ‘प्रेम संन्यास’साठी हिंदुस्थानात आला. पुढे 1934 मध्ये राय आणि देविकाराणी यांनी मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभारली, तेव्हा कॅमेरा त्याच्याच हाती होता. 1939 मध्ये महायुद्ध पेटले. विर्शिंग शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि इंग्रज सरकारने त्याला छावणीत डांबले. राय 1940 मध्ये वारले. युद्ध संपल्यावर विर्शिंग सुटून मालाडला परतला, आणि 1949 च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, त्याने टिपलेला ‘महाल’ झळकला.

कमाल अमरोहींच्या या चित्रपटात यमुनाकाठचा ओसाड वाडा आहे, अशोककुमार त्याचा नवा मालक आणि मधुबाला म्हणजे झोपाळ्यावर गाणारी अतृप्त छाया, कामिनी. दिवा हलतो, सावली सरकते, आणि आपण पुन्हा त्या काळ्या राहुटीत उभे असतो. शेवटी उलगडते की भूत नव्हतेच, ती माळ्याची मुलगी! पण त्या खोट्या भुतापायी नायकाच्या पत्नीची जी परवड होते ती खरी असते. ती विष घेते आणि नवऱ्यावर खुनाचा आळ येतो. मधुबालेच्या सौंदर्याचे कौतुक करताना आपण त्या बिचारीला विसरतो. मी तिला विसरत नाही. या चित्रपटात मला भिववते ती तीच.

आणि आवाज? राहुटीत धडावाचून मुंडके, तसा येथे देहावाचून आवाज. दूर अंधारातून गाणे जवळ येत आहे असा भास हवा होता. त्यासाठी खोलीच्या मध्यावर मायक्रोफोन ठेवला आणि गायिकेला कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत यावयास सांगितले. संगीतकार होते खेमचंद प्रकाश. चित्रपट लागला आणि ते गाणे घरोघर गेले. पण ते गाताना ती अठ्ठेचाळीस पावले चालली की चार, आणि मुळात ती कोण, हे ऐकणाऱ्यास कळावयाचे कसे? तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. म्हणजे चित्रपटातल्या भुताचे! रेडिओकडे लोकांनी विचारणा सुरू केली, ही गाणारी खरी कोण? तेव्हा कोठे आरसा बाजूला झाला आणि मागे बसलेली मुलगी दिसली. लता मंगेशकर, वय वीस.

विर्शिंग जर्मनीला परत गेला नाही. अमरोहींसाठी तो ‘पाकीजा’चे छायालेखन करीत असतानाच 1967 मध्ये वारला, चित्रपट पडद्यावर आला तो 1972 मध्ये. बॉम्बे टॉकीज त्याच्या कितीतरी आधी, 1954 च्या सुमारास, बंद पडली होती, आणि मालाडच्या त्या आवारात लहानसहान कारखान्यांच्या शेडी उभ्या राहिल्या.