पाणवठ्यावरच्या मैत्रिणी



साताऱ्याला आपण सगळ्याच जातो. कधी बाजाराला, कधी दवाखान्याला, कधी गटाच्या कामासाठी बँकेत. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघायचं, काम उरकायचं, मोती चौकातून पोरांसाठी पावशेर कंदी पेढे घ्यायचे आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परतायचं. मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. त्या किल्ल्याचा आणि छत्रपतींचा इतिहास आपण शाळेत शिकलो. आज मात्र या शहराची गोष्ट आम्ही तुम्हाला दुसऱ्या बाजूने सांगणार आहोत. पाण्याच्या बाजूने. कारण जिथं पाणी, तिथं बाया. आणि जिथं बाया, तिथं मैत्री. निदान आम्ही असंच समजत होतो.

औरंगजेबाच्या छावणीतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात झाला. पुढे किल्ल्याच्या पायथ्याशी शहर वसलं. शनिवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा अशा पेठा उभ्या राहिल्या. पेठ वसवायची म्हणजे घरं आली, घरं म्हणजे चुली, आणि चूल म्हटली की पाणी आलंच. डोंगरउतारावरचं हे गाव. पाऊस भरपूर पडायचा, पण पाणी धावत खाली निघून जायचं. म्हणून यवतेश्वराच्या डोंगरातून आणि महादऱ्यातून पाणी शहरात आणलं गेलं. ठिकठिकाणी हौद आणि तळी झाली. मंगळवार तळं, मोती तळं, फुटकं तळं ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो बरोबर नेऊन सोडतो. पुढे इंग्रजांच्या काळात कासचा तलाव बांधला. कासचं पठार शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे तिथलं पाणी उताराने आपलं आपण साताऱ्यापर्यंत येत राहिलं. आज लोक कासला फुलं बघायला जातात. पण कित्येक सातारकरांच्या घरात त्याआधीपासून कासचं पाणी पोचलेलं होतं.

आता शहराबाहेर जाऊ. पुण्याच्या रस्त्याने निघालं की लिंब गाव लागतं. तिथं बारा मोटेची विहीर आहे. पाहिली नसेल तर गटाची एक सहल तिकडं काढाच. आठ कोनांची, वरून पाहिली तर पिंडीच्या आकाराची. पायऱ्या उतरून गेलं की आत चक्क छोटा महाल आहे. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या. बैल धावेवरून खाली उतरायचे, भरलेली मोट वर यायची आणि पाणी आमराईकडे वाहायचं.

ही विहीर बांधली ती विरूबाई भोसले यांनी, १७१९ ते १७२४ या काळात. शाहू महाराजांच्या वाड्यात त्यांचा शब्द चालायचा. विहिरीच्या शिलालेखात त्यांचं नाव कोरलेलं आहे. आम्ही ते बघायला गेलो तेव्हा आमच्यातली एक जण पटकन म्हणाली, "तीनशे वर्षांपूर्वी बाईच्या नावावर विहीर होती. आमच्या उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे!" सगळ्या हसलो. पण परत येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

पाणी बाईनं भरायचं, हा रिवाज जुनाच. आणि भरता भरता ओळखी व्हायच्या. नवी नवरी सासरी आली की तिची पहिली मैत्रीण पाणवठ्यावर भेटायची. घरात तोंड उघडायची चोरी, पण हौदावर घागर भरेपर्यंतचा वेळ तिचा स्वतःचा. माहेरचा निरोप तिथंच कळायचा, सासूची तक्रार तिथंच व्हायची, डोळेही तिथंच पुसले जायचे. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडायची ती विहिरीची ओटी भरायला. भाद्रपदात गौरी आणायच्या त्याही पाणवठ्यावरून. आपल्या सुखदुःखाच्या बऱ्याच वाटा पाण्याकडे जातात.

पण मैत्रिणींनो, इथंच थांबलो तर ती अर्धीच गोष्ट होईल.

साताऱ्याच्या राजवाड्यात तेव्हा सरकारी शाळा भरायची. आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचं नाव तिथं दाखल झालं. तेच आपले बाबासाहेब आंबेडकर. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांच्या आई भीमाबाई त्याआधीच, १८९६ साली साताऱ्यातच वारल्या. त्यांची समाधी सदर बझार भागात आहे. आईविना वाढणाऱ्या या मुलाला शाळेत तहान लागली तर स्वतःच्या हातानं पाणी घेता येत नव्हतं. शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं.

१९०१ सालची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वडील तेव्हा खटाव तालुक्यात नोकरीला होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला काढला होता, त्याच कामावर ते खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं नवे कपडे घालून हौसेनं त्यांना भेटायला निघाली. रेल्वेनं मसूरला उतरली. तिथून पुढं बैलगाडी. जात कळल्यावर गाडीवाला दुप्पट भाड्याला तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो चालत येणार, असं ठरलं. बरोबर जेवणाचा डबा होता, पण वाटेत कुणी पिण्याचं पाणी दिलं नाही. पाण्यावाचून घास गिळेना. डबा असून मुलं उपाशी झोपली. वडील तलाव खोदायच्या कामावर आणि त्यांची लेकरं तहानलेली!

हे वाचून झालं तेव्हा आमच्या गटातल्या एक आजी बोलल्या. त्यांनी ही गोष्ट आम्हाला आजवर सांगितली नव्हती. "मी लहान असताना घागर घेऊन आडापाशी लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायची. नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं." शेजारीच दुसऱ्या आजी बसल्या होत्या, त्याच गावातल्या. त्या म्हणाल्या, "ओतणाऱ्यांत मीपण होते. पाणी दिलं म्हणून पुण्य लागलं असं वाटायचं. तू उभी का राहतेस, हे कधी विचारलं नाही." दोघी आज एका गटात आहेत. एकाच वहीत दोघींची बचत लिहिली जाते. त्या दिवशी बैठकीतला चहा दोघींनी जवळ बसून घेतला. बोलणं झालं नाही फारसं.

ही भिंत पाडायचं काम साताऱ्यात एका घरानं चुलीपासून सुरू केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्याला आली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची, एकत्र शिजवायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या पोटाची काळजी वाहिली ती कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. धान्य संपलं की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना जायचा. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या. लोकांच्या लेकरांना त्यांनी आईची माया दिली, आणि ती देताना जात विचारली नाही.

आता बहुतेक घरांत नळ आला. डोक्यावरची घागर उतरली, हे चांगलंच झालं. पाणवठा पुन्हा यावा असं आम्ही म्हणणार नाही. पण तिथं मिळायचा तो आपला हक्काचा वेळ हवा. तो आता आपल्याला गटाच्या बैठकीत मिळतो. पूर्वीच्या पाणवठ्यावर एक जण लांब उभी असायची. आपल्या बैठकीत तसं कुणी कडेला बसत नाही ना, हे आपणच बघायचं आहे.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारा, आपल्या गावाचा पाणवठा कुठं होता? तिथं तुझी पहिली मैत्रीण कोण? आणि तिथं लांब कोण उभं राहायचं? तिसरा प्रश्न विचारायला जड जाईल. तरी विचारा. उत्तर आलं की ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. आपल्या गावाचा इतिहास आपणच लिहायचा आहे.

नमस्कार.