भीमथडी कोणी राखली?

राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीतामुळे भीमथडीचे तट्टू घरोघरी पोहोचले. भीमेच्या थडीची, म्हणजे काठाची, ही काटक घोडी. देशी तट्टांत अरबी, तुर्की रक्त मिसळून ती घडली. मला हा संकर अस्सल मराठी वाटतो. मराठ्यांच्या स्वाऱ्या तिच्याच पाठीवर झाल्या. १८१८ साली पेशवाई बुडाली, पागा ओस पडल्या. मग ही घोडी जगवली कोणी? मेंढपाळ धनगरांनी! दिवाळी सरली, की तिच्या पाठीवर भांडीकुंडी लादून, वर लेकरू बसवून त्यांचे बिऱ्हाड चालू लागते. २०२४ साली कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडून भीमथडीला स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. आनंदच आहे. पण नुसत्या नोंदीने जनावर जगत नाही. ते राखायचे, तर आधी गायराने आणि धनगरांच्या वाटा राखायला हव्यात.