आवळणारे शब्द

काजूचा बोंडू खाल्ला की तोंड आवळतं. देवगडात त्या चवीला तुरट म्हणतात, इंग्रजीत 'ॲस्ट्रिंजंट'. मुळाशी लॅटिन 'स्ट्रिंगेरे', म्हणजे आवळणं, कसून बांधणं. कूळ मोठं आहे: कडक तो 'स्ट्रिक्ट', चिंचोळी सामुद्रधुनी 'स्ट्रेट'. मला सर्वांत नवल वाटतं ते 'डिस्ट्रिक्ट'चं. मध्ययुगीन युरोपात तो सरंजामदाराच्या अंमलाखालचा मुलूख, जिथे त्याला जप्ती आणता येई, लोकांना वचकात ठेवता येई. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि देवगड नव्या 'डिस्ट्रिक्ट'मध्ये आलं. आपला 'जिल्हा' मात्र अरबीतला, मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू. आपल्याकडे अरुंदपणातून अडचण निघाली: संस्कृतात 'संकट' म्हणजे आधी चिंचोळं, मग विपत्ती.

अर्थ जवळचा वाटला तरी 'श्रिंक' हा 'स्ट्रिंगेरे'च्या कुळातला नव्हे. जुन्या इंग्रजीत तो सुकून आक्रसण्याचा शब्द होता. आज धुतलेलं कापड 'श्रिंक' होतं, बाजारपेठही होते. कोवळा उतरवलेला हापूस अढीत सुरकुततो, त्याला इंग्रजीत 'श्रिव्हल' म्हणावं. नुसत्या 'श्रिंक'ने आकार घटल्याचं कळतं, सुरकुत्या कळत नाहीत. मराठीत बोलत असाल तर 'आंबा चिमला' म्हणा, बागायतदाराला लगेच समजेल.