लोखंड, लाख आणि रेशीम : जपानी चिलखतांच्या अभ्यासाची प्रस्तावना

युद्धाचा इतिहास आपण बहुधा तारखांतून, तहांतून आणि सेनापतींच्या डावपेचांतून वाचतो. लढणाऱ्या माणसाच्या अंगावर काय होते, हा प्रश्न मात्र चित्रकारांवर नाहीतर चित्रपटांच्या वेशभूषाकारांवर सोडून दिला जातो. वास्तविक, एखादा समाज आपल्या योद्ध्याला कसा सजवतो यात त्या समाजाची कारागिरी, व्यापार, श्रद्धा आणि मानापमानाच्या कल्पना सगळ्याच उमटलेल्या असतात. सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री सैनिकांचे चिरा पाडलेल्या बाह्यांचे रंगीबेरंगी कपडे, पोलंडच्या घोडेस्वारांचे लाकडी चौकटीत पिसे रोवलेले पंख, तुर्कस्तानच्या जानिसारींच्या मागे दुमडून सोडलेल्या उंच पांढऱ्या टोप्या, हे सारे पाहताना डोळे दिपतात. पण डोळे दिपले की पाहणे थांबते, आणि अभ्यास तर पाहण्यातूनच सुरू होतो.

या विस्तीर्ण विषयात शिरण्यासाठी एक दार निवडायचे झाले, तर मी जपानच्या सामुराईंच्या चिलखतांचे निवडीन. एक तर ही परंपरा सुमारे हजार वर्षांची आणि जवळजवळ अखंड आहे. दुसरे असे की, जपानी देवस्थानांनी नवसाला वाहिलेली चिलखते पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्यामुळे बाराव्या-तेराव्या शतकातल्या मूळ वस्तू आजही पाहता येतात. सेतो समुद्रातील ओमिशिमा बेटावरचे ओयामाझुमी देवस्थान तर अशा चिलखतांचे माहेरघरच मानले जाते. आणि तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. इथली शोभा आणि उपयोग यांची वीण इतकी घट्ट आहे की, एक धागा ओढला तर दुसरा आपोआप हाती येतो. या विषयाचे मर्म माझ्या मते याच विणीत आहे.

वाचकांनी आरंभ ओयोरोईपासून करावा. हेइआन काळात, म्हणजे साधारण दहाव्या ते बाराव्या शतकात, घोड्यावरून धनुष्य चालवणाऱ्या सरदारांसाठी घडलेले हे भारदस्त चिलखत. त्याचे वजन 25 ते 30 किलोच्या आसपास भरते. ते अखंड पत्र्याचे नसते. लोखंडाच्या आणि कच्च्या चामड्याच्या बोटभर लांबीच्या हजारो चकत्या, म्हणजे कोझाने, एकमेकींवर अर्ध्या-अर्ध्या चढवून ओळीत बांधतात. मग त्या ओळींवर लाखेचे लेप चढवतात, कारण जपानच्या दमट हवेत उघड्या लोखंडाला गंज आणि उघड्या चामड्याला बुरशी ठरलेली. शेवटी या ओळी रेशमी किंवा चामडी दोऱ्यांनी एकीखाली एक टांगल्या जातात. या गुंफणीला ओदोशी म्हणतात. बाण लागला की थर आत दबतात, धक्का पसरतो आणि वाकायला-वळायलाही वाव राहतो. लोखंड कुठे वापरावे हेही ठरलेले असे. मर्मस्थानांवर लोखंडी चकत्या जास्त आणि इतरत्र चामड्याच्या, म्हणजे ओझे आटोक्यात राही.

याच चिलखताची छाती आता जवळून पाहा. चकत्यांच्या ओळींवरून एक सलग, नक्षीदार चामडे ताणून बसवलेले दिसेल. त्यावर फुले, वेली, सिंह, कधी देवतांच्या आकृती छापलेल्या असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या एका चिलखतावर फुदो म्योओ हा उग्र रक्षक देव आहे. पहिल्या नजरेला ही निव्वळ हौस वाटते. पण धनुष्याची दोरी सुटताना छातीवरून घासत जाते आणि चकत्यांच्या कडांत अडकली तर नेम चुकतो. ती सुखरूप सरकावी म्हणून हे गुळगुळीत चामडे. खांद्यांवरच्या रुंद फळ्यांचेही तसेच. धनुर्धाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, ढाल धरणार कोण? म्हणून ढालीच खांद्यांवरून लोंबत ठेवल्या. उपयोगाने जागा करून दिली आणि कलेने ती भरली, हे सूत्र तुम्हाला पुढे पावलोपावली भेटेल.

रंगांकडे वळताना तोक्योच्या पश्चिमेच्या डोंगरावरील मुसाशी मिताके देवस्थानाचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिथे बाराव्या शतकातले लाल रेशमाचे ओयोरोई आहे. हाताकेयामा शिगेतादा या सरदाराने ते वाहिले, अशी परंपरा आहे. त्याचे रेशीम मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीच्या मुळांनी रंगवलेले. 1903 मध्ये त्याची दुरुस्ती झाली, तेव्हा तुटलेल्या जागी रासायनिक रंगाचे नवे दोर घातले गेले. आज ते नवे दोर विटून फिक्कट गुलाबी झाले आहेत आणि आठ शतकांपूर्वीचे लाल मात्र अजून लाल आहे. जुन्या रंगाऱ्याच्या हाताची थोरवी सांगायला याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. म्हणून सांगतो, चिलखताचा अभ्यास हा लोहाराइतकाच रंगारी, चर्मकार, लाखकाम करणारा आणि दोर विणणारा यांचाही अभ्यास आहे.

मग इतके झगमगीत दिसण्याची गरज काय होती, असे तुम्ही विचाराल. उत्तर रणांगणाच्या व्यवहारात आहे. सामुराईला पराक्रमाचे बक्षीस जमिनीच्या आणि मानाच्या रूपात मिळे, आणि त्यासाठी तो पराक्रम कुणीतरी पाहिलेला असावा लागे. मंगोल आक्रमणांच्या वेळी, 1274 आणि 1281 मध्ये लढलेला ताकेझाकी सुएनागा हा लहानसा सरदार आपल्या कामगिरीचा मोबदला मागायला थेट कामाकुराला, म्हणजे शोगुन या लष्करी सत्ताधीशाच्या राजधानीला गेला. पुढे त्याच्या कामगिरीची जी चित्रपट्टी झाली, ती आज जपानच्या इतिहासाचा अमोल ठेवा आहे. धुरळ्यात आणि गर्दीत ओळखू येणे ही अशा माणसाच्या दृष्टीने चैन नव्हती, पोटापाण्याचा प्रश्न होता.

1543 मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदुका आल्या आणि सारे पालटले. सैन्ये मोठी झाली, पायदळ वाढले, गोळीपुढे चकत्यांची गुंफण अपुरी ठरू लागली. सलग लोखंडी पट्ट्यांचे तोसेई गुसोकु, म्हणजे नव्या जमान्याचे चिलखत, पुढे आले. ते घडवायला सोपे आणि टिकायला मजबूत होते. अंग असे साधे झाले तसे वैभव डोक्यावर चढले. दाते मासामुने या सरदाराच्या काळ्याभोर चिलखतावर सोनेरी चंद्रकोर आली. ती दोन्ही बाजूंना सारखी नाही, एक टोक आखूड आहे. तलवार उगारताना अडू नये म्हणून, असे सांगतात. होंदा तादाकात्सुच्या शिरस्त्राणावर सांबराची भलीमोठी शिंगे आली. ती कागदाचे थर लाखेने घट्ट करून बनवलेली, त्यामुळे दिसायला जबरदस्त आणि पेलायला हलकी. इइ नाओमासाने तर आपली अख्खी तुकडी लाल लाखेच्या चिलखतांत उभी केली. दुरून ती रांग पाहताच समोरच्याला कळे की आता कुणाशी गाठ आहे. व्यक्तीच्या ओळखीकडून तुकडीच्या ओळखीकडे जाणारी ही वाट गणवेशाच्या इतिहासातली फार मोलाची आहे. हिकोने किल्ल्याच्या संग्रहालयात या घराण्याची लाल चिलखते आजही पाहता येतात.

या कहाणीत गोव्याचाही एक ठळक दुवा आहे. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने 1588 मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला पाठवलेले सचित्र पत्र क्योतोच्या म्योहोइन मंदिराच्या ठेव्यात असून जपानने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. 1591 मध्ये ते हिदेयोशीला सादर झाले, तेव्हा सोबतच्या नजराण्यात युरोपीय चिलखतेही होती. जपानी कारागिरांनी परदेशी छातीपत्रे घेऊन त्यांना आपल्या पद्धतीचा साज चढवला. तोकुगावा इएयासूचे म्हणून जपलेले असे एक चिलखत निक्कोच्या तोशोगू देवस्थानात आहे. उलट दिशेने, 1613 मध्ये शोगुन हिदेतादाने इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला जपानी चिलखते भेट पाठवली. सुंदर शस्त्रसाज समुद्र ओलांडून मैत्रीची भाषा बोलू शकतो, याची ही दोन साक्षीपत्रे आहेत.

नवख्या वाचकांनी एक सावधगिरी मात्र बाळगावी. संग्रहालयात दिसणारे प्रत्येक भपकेबाज चिलखत लढाईत गेलेले नसते. सतराव्या शतकापासून तोकुगावा शोगुनांच्या काळातल्या दीर्घ शांततेत चिलखत हा मिरवणुकीचा आणि घराण्याच्या प्रतिष्ठेचा भाग बनला, प्राचीन ओयोरोईच्या नकला हौसेने घडू लागल्या. त्यांना खोटे म्हणून हिणवू नये. आपल्या भूतकाळाकडे तो काळ कसा पाहत होता, हे त्या सांगतात. खुद्द जपानमध्ये या अभ्यासाचा पाया याच काळात आराइ हाकुसेकीसारख्या विद्वानांनी घातला. पाश्चात्त्य जगात तो रुजवणारा बॅशफोर्ड डीन हा मुळात प्राणिशास्त्रज्ञ. कवचधारी जीवाश्म माशांचा अभ्यास करता करता तो माणसाच्या कवचाकडे वळला आणि 1912 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोपॉलिटनच्या शस्त्रविभागाचा पहिला प्रमुख झाला. या विषयाला असे वेगवेगळ्या वाटांनी आलेले अभ्यासक नेहमीच लाभले आहेत, आणि तुमचेही इथे मनःपूर्वक स्वागत आहे.

कोणत्याही चिलखतापुढे उभे राहिलात की चार प्रश्न क्रमाने विचारा. हे कशाचे बनले आहे? यात हात, मान आणि कंबर कशी हलते? हे कुणी पाहावे म्हणून सजवले आहे? आणि हे युद्धासाठी घडले की शांततेसाठी? क्रम मोडू नका, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे न मिळवता तिसऱ्याकडे धावले की अभ्यासाची दंतकथा होते. जपानी संज्ञांचा बाऊ करू नका, वस्तू ओळखीची झाली की नाव आपोआप जिभेवर बसते. आणि सरावासाठी जपान गाठण्याचीही गरज नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आपल्याकडची चिलखते आणि शिरस्त्राणे आहेत. तिथे एक सकाळ काढा, हेच चार प्रश्न त्यांना विचारा आणि मग पुढची पाने उलटा.