बल्गेरियातील शेतकरी पक्षाचा उदयास्त

युरोपच्या आग्नेय कोपऱ्यातील बल्गेरिया हा लहानसा देश. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहत. तथापि राज्यसूत्रे शेतकऱ्याच्या हाती यावयास १९१९ साल उजाडावे लागले. आली ती चार वर्षेही टिकली नाहीत.

या पक्षाचा जन्म एका करातून झाला. १८९९ साली सरकारने जमिनीचा रोख सारा बदलून धान्याचा दशमांश घेण्याचे ठरविले. तुर्कांच्या अमलात हाच दशमांश वसूल होत असे. धान्य खळ्यावर भिजत पडले तरी अंमलदार येईपर्यंत त्यास हात लावण्याची सोय नसे. ही आठवण अद्याप ताजी होती. त्याच वर्षी डिसेंबरात प्लेव्हेन येथे शेतकरी संघ स्थापन झाला. पुढील वर्षी दुरानकुलाक गावी सैन्याने शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, आणि ज्ञानप्रसारासाठी निघालेला संघ लवकरच राजकारणात ओढला गेला.

संघाचा पुढारी अलेक्सांदर स्तांबोलिस्की हा शेतकऱ्याचाच मुलगा. १९१५ साली, युद्धात पडाल तर डोके गमवाल, असे त्याने फर्डिनांड राजास तोंडावर सुनावले व त्यापायी जन्मठेप पत्करली. १९१८ च्या पराभवानंतर मात्र राजास गादी सोडावी लागली, आणि पुढच्या वर्षी हा बंदिवान मुख्य प्रधान झाला!

त्याचे काही कायदे खरोखर धाडसाचे होते. जमीनधारणेस सुमारे तीस हेक्टरांची मर्यादा घातली गेली. तहाने सक्तीची लष्करभरती बंद झाली होती. तिच्या जागी त्याने सक्तीची श्रमसेवा आणली. वीस वर्षांच्या तरुणाने बंदुकीऐवजी कुदळ घेऊन रस्ते बांधावेत, ही कल्पना आम्हांस तरी मोठी वाटते.

परंतु याच माणसास शहर म्हणजे परके राज्य वाटे. १९२० च्या निवडणुकीत २२९ पैकी ११० जागा मिळाल्या. बहुमत हवे म्हणून तेरा विरोधकांची निवड रद्द करण्यात आली. १९२३ साली मतदानाची पद्धत बदलून, निम्म्याहून थोड्या अधिक मतांवर २४५ पैकी २१२ जागा पटकावल्या. सोट्याधारी ‘नारिंगी दल’ विरोधकांच्या सभा उधळू लागले. सरकारी जुलमातून जन्मलेल्या पक्षास ही रीत इतक्या लवकर कशी अंगवळणी पडली, याचे आश्चर्य वाटते.

९ जून १९२३ रोजी लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता हिसकावली. कम्युनिस्ट स्वस्थ बसून राहिले. खेडुतांचा प्रतिकार काही दिवसांतच मोडला. स्तांबोलिस्की आपल्या गावाजवळ पकडला गेला. त्याचा अनन्वित छळ करून, युगोस्लाव्हियाशी सलोख्याचा तह करणारा त्याचा हातही छाटण्यात आला.

संघ मात्र मेला नाही. कम्युनिस्टांना विरोध करणारा त्याचा नेता निकोला पेत्कोव्ह १९४७ साली फासावर गेला. उरलेला गट त्यांचा अंकित सहकारी होऊन राहिला. १९६४ ते १९७१ या काळात त्याचाच पुढारी गेओर्गी त्रायकोव्ह नावापुरता राष्ट्रप्रमुख होता. तोवर शेतकऱ्यांची बहुतेक जमीन सामुदायिक शेतीत गेलेली होती.